सपोर्ट व्हॅन नको!

होळीला घरी गेलो होतो तेव्हा सायकल सोबत नेली होती. घर म्हणजे धानोरा, तालुका नंदुरबार, जिल्हाही नंदुरबार. परत आल्यावर हापिसातल्या सायकल ग्रुपवर चार फोटो टाकले. प्रकाशाचा तापीकाठ, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या, तोरणमाळच्या घाटातलं एक वळण, आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणारी एक मुलगी. दहा मिनिटांत "कडक!", "भन्नाट!!", "एकदम ऑफबीट" वगैरे सुरू झालं. सगळ्यात जास्त अंगठे चौथ्या फोटोला. मग आमच्या ग्रुपच्या सर्वेसर्वांचा मेसेज आला : "जीपीएक्स फाइल पाठव. मे महिन्यात जाऊ. चाळीस जण सहज होतील. सपोर्ट व्हॅन आपली."

मी ती फाइल अजून पाठवलेली नाही. चौथा फोटोही काढून टाकला. दोन्हीची कारणं एका मेसेजमध्ये मावेनात, म्हणून आजचा शनिवार त्यात घालवतोय.

आधी एक कबुली देतो. पुण्यात कोणी "तू कुठला?" असं विचारलं की मी अनेक वर्षं "धुळ्याजवळचा" असं सांगायचो. नंदुरबार म्हटलं की पुढे भूगोलाचा तास घ्यावा लागतो, आणि धानोरा म्हटलं तर विचारूच नका. नेटवर धानोरा शोधणाऱ्याला आधी गडचिरोलीतलं धानोरा सापडतं, मग तो काळजीच्या सुरात विचारतो, "तिकडे नक्षलवादी असतात ना रे?" नसतात. ते राज्याचं दुसरं टोक. नंदुरबार १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला, म्हणजे तो आणि मी साधारण एकाच वयाचे. तरी मी माझ्या वयाच्या जिल्ह्याचं नाव चारचौघांत घ्यायला कचरायचो. इंजिनिअरिंगही धुळ्यालाच केलं, त्यामुळे ते खोटं खपूनही जायचं.

तर यावेळी ठरवलं की आपला जिल्हा एकदा सायकलवरून बघायचा. ट्रॅव्हल्सवाल्याने डिकीत सायकल टाकायचे वेगळे तीनशे घेतले, पुढचं चाक काढायला लावलं आणि सीटवर रेघोटी पाडून दिली. असो.

नंदुरबारहून तोरणमाळ साधारण नव्वद किलोमीटर. मध्ये प्रकाशा, शहादा, म्हसावद, राणीपूर, आणि मग घाट. तापीच्या काठापासून तोरणमाळपर्यंत जवळजवळ हजार मीटर चढ आहे. दोन दिवसांत आरामात होतं. खरं तर आपल्यासारख्या खुर्चीवर बसून पोट सुटलेल्यांना आरामात होत नाही, पण होतं.

आता ऑफबीट या शब्दाबद्दल. मला त्याचा राग येतो. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात फिरत होता. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा जो हमरस्ता त्याने लिहून ठेवलाय, तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा जातो. नवापूरला तर तो चक्क तांदळावर लिहितो, की दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. नवापूर ते नंदुरबार हा आमचाच मुलूख. त्या काळात पुण्याला मावळातली एक कसबा वस्ती म्हणून कोण ओळखत असेल नसेल, पण सुरतेचा माल उत्तरेकडे न्यायचा तर बैलांचे तांडे आमच्या दारावरून जायचे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी आम्ही हायवेवर होतो. ऑफबीट नंतर झालो.

प्रकाशाचंही तसंच. लहानपणी प्रकाशाला जायचं ते आजीबरोबर, एस्टीने, तापी आणि गोमाईच्या संगमावर डुबकी मारून केदारेश्वराचं दर्शन घ्यायला. दक्षिण काशी म्हणतात त्याला. पण १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने तिथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केलं आणि खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची, हे मला कोणत्याही शाळेने सांगितलं नाही. गाडीने गेलं तर पुलावरून तापी अर्ध्या मिनिटात संपते. सायकल मात्र पुलाच्या मधोमध उभी करता येते आणि मागचे हॉर्न ऐकत का होईना, दोन नद्या कुठे मिळतात ते शांतपणे बघता येतं. (पुलावर सायकल उभी करू नये. मी केली.)

नंदुरबारमध्ये शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ला तिरंगा घेऊन निघालेल्या पोरांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात तो आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. शाळेत असताना दर नऊ सप्टेंबरला आमच्याकडून घोषणा म्हणवून घ्यायचे आणि आमचं लक्ष घंटेकडे. यावेळी सकाळी सहाला बाजारपेठ बंद असताना तिथे थांबलो. शेजारी एक चहावाला गाडी लावत होता, तो म्हणाला, "काय चाली ऱ्हायनं भाऊ?" मला क्षणभर मराठीतच उत्तर सुचेना, अहिराणी तर लांबच.

शहराबाहेर पडलं की पथाऱ्या लागतात. मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर पोचेल तिथवर लाल. फोटोत फार सुंदर दिसते. फोटोत ठसका येत नाही. मी नाकाला रुमाल बांधून, हेल्मेटच्या आत घाम पुसत, शिंकत शिंकत पुढे गेलो, आणि तिथे दिवसभर मिरची पालटणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांच्या तोंडाला फक्त पदर होता.

शहादा म्हणजे ऊस, केळी, पपई. इथेही फोटो छान येतात. पण याच हिरव्यागार शेतांवर सालदार आणि मजूर म्हणून राबणाऱ्या भिल्लांनी १९७२च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्यासोबत मजुरी आणि गेलेल्या जमिनींसाठी लढा उभारला, श्रमिक संघटना तिथूनच आली. आणि आपल्या धंद्यातल्यांसाठी आणखी एक. याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१०ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. माझ्या सध्याच्या प्रोजेक्टमध्ये दिवसाला किती वेळा ई-केवायसीची एपीआय कॉल होते ते मी डॅशबोर्डवर बघतो. आमच्या टीममध्ये एकालाही टेंभली माहीत नव्हतं. मलाही धड माहीत नव्हतं, आणि मी तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर वाढलोय!

तर मुद्दा असा की हा भाग रिकामा नाही. कोणी शोधून काढायची वाट बघत पडलेला नाही. चाळीस हेल्मेटं रांगेत पुढे, मागे पाण्याचे जार, केळी, एनर्जी बार आणि पंक्चर काढणारा माणूस घेतलेली व्हॅन, असं जर आपण तिथून गेलो तर आपल्याला एकाही दारात थांबायची गरज पडणार नाही. गरज पडली नाही की आपण थांबत नाही. सायकलची सगळी गंमत गरजेत आहे. तहान लागते, चेन पडते, रस्ता चुकतो, मग कोणाला तरी विचारावं लागतं. म्हसावदच्या पुढे माझी चेन अडकली तेव्हा तीन पोरं जमली, त्यातल्या एकाने काडी घालून ती सोडवली. मग परीक्षा सुरू झाली. गिअर किती, पेट्रोल लागत नाही का, आणि शेवटी ज्याची मला धास्ती होती तो प्रश्न, "कितीला?" मी आठ हजार सांगितले. सायकल सेहेचाळीस हजारांची आहे. तेवढ्यात शेजारून गणवेशातल्या मुलींचा घोळका गेला, मानव विकास कार्यक्रमातल्या सायकलींवर. आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला ती सायकल मिळते, गिअर नाही, सस्पेन्शन नाही, पुढे जाळीची बास्केट. चढावर त्या माझ्या पुढे निघून गेल्या. मी चेनचं कारण सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

माउंटन बाईक ही काही फार वेगळी वस्तू नाही हो. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, एकाच गिअरच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि कच्च्या रस्त्याने खाली सोडल्या. उतारावर मागचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते दरवेळी नव्याने भरावं लागायचं, म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. आमच्या आप्पांची अ‍ॅटलास याहून वेगळं काय करत होती? आप्पा पोस्टात होते, ग्रामीण डाकसेवक. धानोऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर टपाल, मनीऑर्डरी, नंतर पेन्शनीचे पैसे. कॅरिअरला खाकी पिशवी, एका पायाला पॅन्टीची क्लिप, पावसाळ्यात सायकल खांद्यावर आणि नाला पार. त्याला कोणी ट्रेल म्हणत नव्हतं. (अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२०ला बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं मी आधी रिटायर झालो.")

आणि आता त्या चौथ्या फोटोकडे येतो.

राणीपूरच्या पुढे घाट चढायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. उशीर माझाच. मार्चचं ऊन, झाडांना पानं नाहीत, पळस तेवढा फुललेला. बाराच्या सुमारास दोन्ही बाटल्या आणि पाठीवरची पाण्याची पिशवी कोरडी ठक्क. डोळ्यापुढे काजवे. रस्त्याच्या वर एक कुडाचं घर दिसलं, तिथे गेलो. एक म्हातारी आजी होती, तिचं मराठी आणि माझी पावरी सारखीच. बाटली दाखवली. तिने आधी मला खाटेवर बसवलं, तांब्याभर पाणी प्यायला दिलं, मग दोन्ही बाटल्या आणि ती पिशवी काठोकाठ भरून दिली. मग बिनदुधाचा चहा केला. पैसे पुढे केले तर तिने हात असा झटकला की मला स्वतःचीच लाज वाटली. निघताना उतारावरून तिची नात येताना दिसली, डोक्यावर दोन हंडे, मागे सगळी सातपुड्याची रांग. मी मोबाइल काढला. फ्रेम अशी जमून आली होती की काय सांगू.

घरी आल्यावर हे सगळं रंगवून सांगितलं. बघा, व्हॅन नाही, कोणी नाही, माणुसकी कशी अजून शिल्लक आहे वगैरे. आईला फार बरं वाटलं. आप्पा जेवत होते.

"किती पाणी घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"दोन बाटल्या आणि पिशवी. साडेतीन लिटर असेल."

"आणि प्यायलास ते?"

"तांब्याभर. चहा झाला."

"आणि ती पोरगी हंडे घेऊन येत होती, ती कुठून येत होती?"

मी गप्प. खाली झिरा असणार, वाळूत खणलेला. किती खाली ते मी बघितलंच नव्हतं. मी फ्रेम बघत होतो.

"मी तीस वर्षं टपाल वाटलं," आप्पा म्हणाले. "होळीनंतर पाड्यावर पाणी मागितलं नाही कधी. आपली बाटली आपण न्यायची. ते नाही म्हणत नाहीत ना, म्हणून आपण मागायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. विषय त्यांच्यापुरता संपला. माझा अजून संपलेला नाही.

रात्री झोप लागेना तेव्हा हिशोब केला (सवयच ती, रिलीजच्या आधी लोड टेस्ट करतो तशी). एका माणसाला साडेतीन-चार लिटर. चाळीस माणसांना दीडशे लिटर. हंडा साधारण पंधरा लिटरचा धरला तर दहा हंडे. म्हणजे त्या नातीच्या पाच खेपा, मे महिन्यात, जेव्हा झिरा आणखी खाली गेलेला असेल. एक शनिवार आमच्या ऑफबीट राइडचा.

आता तुम्ही म्हणाल, मग व्हॅनच बरी की! पाणी आपलं आपण नेऊ. आमच्या सर्वेसर्वांनीही हेच म्हटलं, आणि त्यांचं चुकत नाही. घाटात रेंज नाही, कोणाला चक्कर आली, हाड मोडलं तर मोठा दवाखाना थेट खाली शहाद्याला. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने तर स्पष्टच सांगितलं, "तू एकटा पुरुष अनोळखी दारात जाऊन बसू शकतोस, ते प्रत्येकीला जमेलच असं नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

तरी पुण्याहून भरून नेलेली व्हॅन मला नको, याचं कारण पाणी नाही, बाकीचं सगळं आहे. व्हॅनमध्ये फक्त पाणी नसतं. नाश्ता असतो, जेवण असतं, चहाचे थर्मास असतात, परत आल्यावर झोपायला आधीच बुक केलेलं नाशिकचं हॉटेल असतं. दोन दिवस चाळीस माणसं ज्या मुलखातून जातात तिथे त्यांचे चाळीस रुपये पण पडत नाहीत, आणि ते घेऊन मात्र येतात प्रत्येकी दीडशे फोटो. म्हातारीने पाण्याचे पैसे घेतले नाहीत, कारण पाणी विकायचं नसतं. पण विकायचं असं तिथे पुष्कळ आहे. बाया घरी वाळवलेला आमचूर बाजारात आणतात, तिकडची भगर आहे, शहाद्याची पपई आहे, नंदुरबारची मिरची आहे. बाजारात बसलेल्या बाईशी घासाघीस न करता तिचा आमचूर घेतला, पाड्यावरच्या कोणाला आदल्या दिवशी सांगून, दर ठरवून भाकरी-भाजी करून घेतली, तर ते दान नाही, व्यवहार आहे. व्यवहारात दोघांची मान सरळ राहते. पर्यटन महोत्सव वगैरे मी मागत नाहीये. लोणावळ्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी एक्सप्रेस वेवर तासन् तास उभं राहून पाहिलंय.

तर मी ग्रुपवर काल रात्री जे लिहिलं ते असं. मे महिना रद्द. नोव्हेंबरमध्ये जाऊ, पावसाळ्यानंतर, ओढे वाहते असतात तेव्हा. चाळीस नाही, आठ जण. पाणी प्रत्येकाने शहाद्यातून पुरेसं भरून घ्यायचं आणि घाट सकाळी आठच्या आत सुरू करायचा, म्हणजे कोणाच्या हंड्याकडे बघायची वेळ येणार नाही. मागे गाडी असेल, पण ती शहाद्यातली क्रूझर, तिथलाच ड्रायव्हर, त्याला रस्ता आणि भाषा दोन्ही येतात. त्यात बॅगा, पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि पाण्याचा एक राखीव जार. खाणं अजिबात नाही. मुक्काम तोरणमाळला, यशवंत तलावाजवळ. माणसांचे फोटो विचारून. जीपीएक्स फाइल मिळणार नाही, रस्ता मी दाखवीन, आणि चुकलो तर विचारू.

सर्वेसर्वांनी अंगठा दिलेला नाही अजून. "एवढ्या अटी तर क्लायंट पण घालत नाही" असं एकाने लिहिलंय, त्याला बारा जण हसलेत. आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आठ पण जास्तच आहेत, पण नोव्हेंबर चालेल. मग विचारलं, की त्या आजीच्या घरी पुन्हा जाणार आहेस का. जाणार आहे म्हटलं. काय न्यायचं ते दोघांनाही सुचेना.

आतापर्यंत पाच नावं आली आहेत. त्यात ती मैत्रीणही आहे. एकाने विचारलंय, घाटात वाटेत कॉफी मिळेल का. चहा मिळेल असं कळवलंय. बिनदुधाचा.